वर लॅटेक्स, खाली स्प्रिंग

सांगलीत आमचं गाद्यांचं दुकान आणि मागे छोटा कारखाना. घराणं पिंजाऱ्यांचं. सासऱ्यांना अख्खी पेठ पिंजारीचाचा म्हणायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मागच्या पडवीत कापूस पिंजायची धनुकली टांगलेली असायची, आज तिथेच फोम कापायचं यंत्र आहे. ३१ वर्षं मी गाद्या शिवते आणि उसवते. शिवताना कळत नाही ते उसवताना कळतं, म्हणून या सदरातली माझी बहुतेक उत्तरं उसवलेल्या गाद्यांनीच शिकवलेली आहेत. या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं 'हायब्रिड' गादीबद्दल आहेत. हायब्रिड म्हणजे वर लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकापासून केलेला थर आणि खाली पॉकेट स्प्रिंग.

प्रश्न : ताई, आम्ही चिपळूणचे. २०२१ च्या जुलैतल्या पुरात घरातल्या सगळ्या गाद्या गेल्या. तेव्हा मिळेल ती घ्या अशी परिस्थिती होती, म्हणून ७८ बाय ७२ ची, सहा इंची फोमची गादी घेतली. आता तिला मधोमध खड्डा पडलाय. यांचं वजन ९२ किलो, माझं ५४. रात्रभर मी यांच्या बाजूला घरंगळत राहते आणि सकाळी कंबर धरून उठते. पलंग प्लायवूडचा, खाली सामान ठेवायचा बॉक्स असलेला. एका दुकानात लॅटेक्स आणि पॉकेट स्प्रिंगची आठ इंची गादी ३८ हजारांना सांगितली. दुसरीकडे दिसायला अगदी तशीच २१ हजारांना आहे. दोन्हींवर 'ऑर्थोपेडिक' लिहिलंय. मी शाळेत नोकरी करते, एवढा खर्च पुन्हा पुन्हा होणार नाही. कोणती घेऊ?

उत्तर : ताई, पुरानंतरची घाई मला ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या दुकानात छातीभर चढलं होतं. भिजलेली कापसाची गादी चार माणसांना उचलत नव्हती. त्या दिवसांत लोकांनी अंगाखाली काहीतरी हवं म्हणून ज्या गाद्या घेतल्या, त्यांतल्या कितीतरी दोन-तीन वर्षांत आमच्या टेबलावर आल्या. वरचं कापड उसवलं की आत तेच दिसायचं. जिथे माणूस झोपतो तिथे फोम हाताला पिठासारखा मऊ लागतो, आणि पायाकडे, जिथे कोणी झोपत नाही, तिथे तो अजून कोरा असतो.

याचं कारण फोमची घनता. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो आकडा म्हणजे घनता. कडकपणा ही वेगळी गोष्ट आहे. कमी घनतेचा फोमही कारखान्यात कडक करता येतो. दुकानात हाताने दाबून पाहिला तर तो दणकट वाटतो आणि वर्ष-दीड वर्षात बसतो. ९२ किलोच्या माणसाला रोज झोपायचं असेल तर ४० च्या खालचा फोम मी देत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

आता तुमच्या घरंगळण्याबद्दल. स्प्रिंगच्या गाद्या दोन जातींच्या. जुनी ती बॉनेल. तिच्यात डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा बारीक तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात. एक दबली की शेजारचीला ओढते, म्हणून एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हेलकावा बसतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या आपापल्या पिशवीत बंद असते. पिशव्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, तारा मात्र सुट्या. तुमचे यजमान जिथे झोपतील तिथल्याच स्प्रिंगा दबतात, तुमच्या बाजूच्या फारशा हलत नाहीत. ही युक्ती नवी नाही. कॅनडात जेम्स मार्शल नावाच्या अभियंत्याने ती १९०० च्या सुमारास काढली, आपल्या बाजारात मात्र ती बऱ्याच उशिरा आली. तुमच्या वजनांत ३८ किलोंचा फरक आहे. तेव्हा तुम्हाला पॉकेटच हवी. बॉनेलवर लॅटेक्स टाकून कोणी 'हायब्रिड' म्हणून विकत असेल तर ती घेऊ नका. दुकानात गादीच्या एका टोकाला यजमानांना बसवा आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही तळहात ठेवून बघा. काचेचा पेला ठेवून दाखवतात त्यापेक्षा आपला हात खरं सांगतो.

पुढे ३८ आणि २१ हजारांचा फरक. बाहेरून दोन्ही सारख्या दिसणारच, कारण आपल्याला दिसतं ते फक्त कापड. गेल्या श्रावणात एका गिऱ्हाइकाने चार वर्षांची हायब्रिड आणली, "वरून दबली, काय झालं बघा" म्हणून. कडेची पट्टी उसवली. सगळ्यात वर, कापडातच शिवून टाकलेला इंचभर साधा फोम. त्याखाली आणखी एक फोम. त्याच्याखाली अर्ध्या इंचाचं लॅटेक्स, त्याला काहीही झालेलं नव्हतं, अगदी ताजं. स्प्रिंगाही धडधाकट. बसला होता तो वरचा फोम. लॅटेक्सचे पैसे मोजून तो माणूस चार वर्षं साध्या फोमवर झोपला होता. मला फार वाईट वाटलं, कारण त्याने वडिलांच्या ऑपरेशननंतर त्यांच्यासाठी ती घेतली होती.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा की कापडाच्या लगेच खाली काय आहे. गादीला चेन असेल तर उघडून दाखवायला लावा. चेन नसेल तर कापलेला नमुना मागा, बऱ्याच दुकानांत तो असतो. खऱ्या लॅटेक्सच्या थरात बहुतेक वेळा आरपार भोकांच्या रांगा दिसतात, पेन्सिल जाईल एवढ्या. साच्यातल्या दांड्यांमुळे ती पडतात, आणि त्यांतून वाफेची ऊब थराच्या पोटापर्यंत पोचते. बोटाने दाबून सोडलं की लॅटेक्स तत्क्षणी वर येतं. मेमरी फोम सावकाश येतो, हाताचा ठसा क्षणभर राहतो. वासही ओळखू येतो, नव्या फुग्यासारखा. 'लॅटेक्स फील', 'लॅटेक्ससारखा आराम' असले शब्द दिसले की समजा आत लॅटेक्स नाही.

थर किती जाड हवा? तुमच्यासाठी दोन इंच. इंचभराने ९२ किलोच्या माणसाच्या कमरेला खालच्या स्प्रिंगा टोचल्यासारख्या लागतात, आणि तीन इंचांच्या वर गेलं की पैसा वाढतो, त्या मानाने सुख वाढत नाही. लॅटेक्सची घनता ७५ ते ८५ असावी. नुसता घनतेचा आकडा ऐकूनही भुलू नका, खडूची भुकटी मिसळून वजन वाढवता येतं. अशा लॅटेक्सचा कोपरा चिमटीत ओढला की ते ताणण्याआधीच तुटतं. चांगलं लॅटेक्स ताणतं आणि मागे येतं. झाडाच्या चिकाचं आणि कारखान्यातल्या कृत्रिम रबराचं मिश्रण सर्रास असतं. मिश्रण म्हणजे लबाडी नव्हे, पण ते मिश्रणाच्या भावात मिळालं पाहिजे. बिलावर 'नॅचरल लॅटेक्स, इतके टक्के' असं लिहून घ्या. तोंडी सांगताना शंभर टक्के म्हणणारा लिहायची वेळ आली की खरं बोलतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आणखी एक खूण तुम्हाला घरबसल्या तपासता येईल. ७८ बाय ७२ चा, दोन इंच जाड, ८० घनतेचा लॅटेक्सचा थर साधारण १५ किलोचा भरतो. एवढ्या आकाराचा स्प्रिंगांचा थर वीसेक किलोचा. त्यात कडेचा फोम, तळाचा फोम, कापड. म्हणजे तुमच्या मापाची खरी हायब्रिड ४० किलोंच्या वरच जायला हवी. गादीचं वजन किती असा प्रश्न विचारला की दुकानदार चकित होतात, पण पाठवणी-पावतीवर वजन असतं. २१ हजारांची गादी २५ किलोची निघाली तर उत्तर मिळालं.

स्प्रिंगांबद्दल तीनच गोष्टी विचारा. तारेची जाडी, उंची आणि संख्या. तुमच्यासाठी दोन मिलिमीटरच्या आसपासची तार, पाच-सहा इंच उंची. सव्वासहा-साडेसहा सेंटिमीटर व्यासाच्या स्प्रिंगा असतील तर या मापात साडेसातशे ते नऊशे मावतात. कोणी दोन हजार सांगितल्या तर त्या इवल्या स्प्रिंगांचा दुसरा थर आहे का ते विचारा, नाहीतर त्या मावतील कुठे? चारी कडांना फोमची भिंत हवी. ती नसली की काठावर बसताना माणूस घसरतो.

'ऑर्थोपेडिक' या शब्दावर एक पैसाही जास्त देऊ नका. तो शब्द कोणीही कशावरही छापतो. कंबर दुखते म्हणून लोक फळीसारखी कडक गादी मागतात, आमच्या सासूबाईंचाही तसाच आग्रह असायचा. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास छापून आला. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या. तीन महिन्यांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त उतार होता. तो वाचल्यापासून कंबरदुखीवाल्या गिऱ्हाइकाला मी आधी मध्यम कडक गादीवर झोपवते. दुकानात पाठीवर झोपा आणि कमरेच्या खोलगटात हात सरकवा. हात मोकळा आरपार गेला तर गादी तुम्हाला कडक. शिरतच नसेल आणि ढुंगण खाली गेलेलं जाणवत असेल तर मऊ. मग कुशीवर दहा मिनिटं. लाजू नका, चपला काढा आणि खरंच झोपा, दोघंही. आणि पाय बधिर होत असेल किंवा कळ मांडीतून खाली उतरत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, गादीचं नंतर बघू.

आता तुमचं ५४ आणि यांचं ९२. एकच कडकपणा दोघांना सोसणार नाही. माझा सल्ला असा की ७८ बाय ७२ ची एक घेण्याऐवजी ७८ बाय ३६ च्या दोन घ्या. यांची थोडी जाड तारेची, तुमची मऊ, लॅटेक्स दोन्हींवर सारखंच. दोन्ही पलंगावर शेजारी ठेवून वर एक चादर घाला. खरं सांगायचं तर मधे जोड लागतो, दोन्ही गाद्यांच्या कडेचा फोम तिथे एकत्र येतो म्हणून ती पट्टी जराशी टणक असते. मधे झोपणारं लेकरू घरात असतं तर मी हे सुचवलं नसतं. पण ४० किलोंची एक गादी फिरवायला तुम्हाला माणसं बोलवावी लागतील, वीस-बावीस किलोंची तुम्ही दोघं फिरवाल. काही कारखाने एकाच गादीत डावी-उजवी बाजू वेगवेगळ्या कडकपणाची करून देतात, ते विचारून बघा. मिळालं तर जोडाचा प्रश्नच उरत नाही.

शेवटी पलंग, आणि चिपळूण म्हणून मी हे ठासून सांगते. प्लायचा बंद बॉक्स, पावसाळ्यातली दमट हवा आणि अंगाचा घाम. तळाकडून गादीला वारा लागत नाही. रत्नागिरीकडून आलेली एक गादी उसवली तेव्हा स्प्रिंगांच्या पांढऱ्या पिशव्यांवर तांबूस गोल गोल डाग होते, प्रत्येक पिशवीच्या तळाला एक. गंज होता तो. सुताराला बोलवून प्लायला सहा-सहा इंचांवर इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्या. फळी कमजोर होईल इतकी नकोत, चौकटीच्या लाकडापासून लांब. बॉक्स आठवड्यातून एकदा उघडा टाका, ओलसर काही आत ठेवू नका. लॅटेक्सला गंज लागत नाही, पण बुरशी त्यालाही लागते.

सगळं मिळून, ३८ हजारांची गादी वर सांगितलेल्या परीक्षेत उतरली तर तीच घ्या. न उतरली तर तीही सोडा. २१ हजारांत दोन इंच चांगलं लॅटेक्स आणि पॉकेट स्प्रिंग या मापात बसवणं मला तरी जमत नाही.

प्रश्न : मावशी, आम्ही नाशिकला राहतो. दोन वर्षांपूर्वी लॅटेक्स-स्प्रिंगची महागडी गादी घेतली. आई दर दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात गाद्या गच्चीवर उन्हात घालते, तशी हीही घातली, कव्हर काढून. आता वरचा थर पिवळा पडलाय आणि हात लावला की भुगा होतो. विकणारे म्हणतात वॉरंटीत बसत नाही. हा अन्याय नाही का? आई तर रडकुंडीला आलीय, "माझ्यामुळे झालं" म्हणते.

उत्तर : बाळा, आधी आईला सांग की तिचं काही चुकलं नाही. तिने तिच्या आईकडून शिकलेलं इमानाने केलं. कापसाच्या गादीला ऊन हेच औषध. उन्हाने ओल जाते, कापूस फुलतो, ढेकूण-पिसवा पळतात. आमच्या सासूबाई वैशाखात गाद्या गच्चीवर घालून काठीने बडवायच्या, धुळीचा लोट उठायचा. घरोघरी हेच. चूक विकणाऱ्याची, ज्याने गादी घरपोच करताना आईला एक वाक्य सांगितलं नाही की हिला ऊन दाखवू नका.

लॅटेक्स झाडाचं असतं हे लोक वाचतात, पण डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. माझी नणंद सिंधुदुर्गात दोडामार्गला असते. तिकडे केरळातून आलेल्या बागायतदारांनी रबराच्या बागा केल्यात. एकदा पहाटे तिच्याबरोबर बागेत गेले. माणूस डोक्याला दिवा बांधून झाडाझाडाशी जातो, वाकड्या सुरीने सालीवर तिरकी, कागदाइतकी पातळ खाच घेतो. त्या वाटेने चीक उतरतो, दुधासारखा पांढरा, आणि खालच्या वाटीत थेंब थेंब पडतो. उन्हं वर येण्याआधी काम उरकायचं, गारव्यात चीक जास्त वाहतो. मी बोटावर थेंब घेतला, चिमटीत चोळला, आणि बघता बघता त्याचा रबराचा बारीक धागा झाला. वाटीतला चीक विरजणासारखा गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. मग तो फिरवून त्यातलं पाणी कमी करतात, घट्ट चिकात साठ टक्के रबर राहतं. तो फेटून फेस करायचा, साच्यात ओतायचा, गंधकाबरोबर वाफेवर शिजवायचा, धुवायचा, वाळवायचा. फेस करून साच्यात बसवायची ही रीत १९२९ च्या सुमारास इंग्लंडात डनलॉपवाल्यांनी बसवली. आमच्या लहानपणी रबराच्या कुठल्याही गादीला 'डनलॉपची गादी' म्हणायचे, ते त्यावरूनच.

तर हे शेवटी रबर आहे. खिडकीत पडून राहिलेलं रबरबँड आठव. आधी चिकट होतं, मग कडक, मग ओढलं की तुटतं. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून रबराचे लांबलचक धागे तोडतात. फेसाच्या लॅटेक्समध्ये हवा सगळीकडे खेळते, त्यामुळे हे आणखी लवकर होतं. कव्हर काढून नाशिकच्या गच्चीवर मे महिन्यात ठेवलं म्हणजे त्याला काही आडोसाच उरला नाही.

वॉरंटीचं म्हणशील तर बहुतेक वॉरंटीपत्रांत उन्हामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. पण पत्र घरात कोणत्या भाषेत आलं, बिलाबरोबर दिलं की नंतर, कव्हरच्या चिठ्ठीवर उन्हाची सूचना आहे का, ते बघ. नसेल तर फोटो काढून लेखी तक्रार दे आणि निदान वरचा थर खर्चाच्या भावात बदलून मागा. गादी आख्खी टाकायची मात्र गरज नाही. स्प्रिंगा बहुधा शाबूत असतील. चेनवालं कव्हर असेल तर भुगा झालेला थर काढून दोन इंचांचा नवा थर बसवता येतो, त्याच मापाचा. चिकटवलेला असेल तर नाशिकमधल्याच एखाद्या जुन्या गादीवाल्याला उसवून सोलायला सांग. एवढं कर, जुन्या थराचे चिकट तुकडे स्प्रिंगांच्या पिशव्यांवर राहू देऊ नकोस.

यापुढे लॅटेक्सची गादी सावलीत, पंख्याखाली वाळवायची. महिन्यातून एकदा चादर-अभ्रे काढून दोन तास उभी करून ठेवा, खिडकीतलं थेट ऊन तिच्यावर येणार नाही अशी. डोक्याची बाजू पायाकडे दर तीन महिन्यांनी फिरवा. उलटी करू नका, तिची वरची बाजू एकच असते. आईला उन्हात काही घालायचंच असेल तर कव्हर आणि उशा घालू दे, सावरीच्या कापसाच्या असतील तर त्या फुलूनही येतील.

प्रश्न : पुण्यात आई-बाबांसाठी हायब्रिड गादी घ्यायची आहे. बाबा ७८ वर्षांचे, गुडघे दुखतात. पलंग १८ इंच उंच आहे. दहा इंची गादी जास्त आरामाची म्हणून तीच घ्यावी का?

उत्तर : नका घेऊ. १८ आणि १० मिळून २८ इंच होतात. बाबा काठावर बसले की त्यांचे पाय लोंबकळतील, आणि रात्री लघवीला उठताना तोल जाईल. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. त्यासाठी बहुतेक माणसांना गादीसकट २० ते २२ इंच उंची पुरते. पलंगाचे पाय सुताराकडून कापून घ्या, आणि सहा-सात इंचांची गादी घ्या, चार-पाच इंच स्प्रिंग आणि वर दीड इंच लॅटेक्स. फार मऊ नको. मऊ गादीत म्हाताऱ्या माणसाला कूस वळायला जोर लागतो. कडेची भिंत मजबूत आहे ना ते स्वतः काठावर बसून बघा, बाबा उठताना सगळा भार तिथेच टाकतात. वर पाणी न झिरपणारं, धुता येणारं कव्हर पहिल्या दिवसापासून घाला. स्प्रिंगपर्यंत ओल गेली की ती बाहेर काढता येत नाही.

प्रश्न : मी ठाण्याच्या एका रुग्णालयात नर्स आहे. रबरी हातमोज्यांची मला अ‍ॅलर्जी आहे, हाताला पित्त उठतं, एकदा श्वासही लागला होता. लॅटेक्सची गादी चालेल का?

उत्तर : नाही, ताई. विकणारे सांगतील की धुतलेल्या लॅटेक्समध्ये अ‍ॅलर्जी करणारी प्रथिनं फार कमी उरतात आणि मधे कापड असतं. ते खरंही आहे. पण ज्या बाईला श्वास लागलेला आहे तिला रोजचे आठ तास त्यावर झोप असं मी सांगणार नाही. पॉकेट स्प्रिंगच घ्या, वर चांगल्या घनतेचा साधा फोम किंवा कापसाची पातळ गादी. तळाला रबर लावलेल्या काथ्याचा थर नको, त्यातही हाच चीक असतो. तुमच्या डॉक्टरांनाही विचारून ठेवा.

प्रश्न : बार्शीहून लिहितेय. नवी हायब्रिड गादी येतेय. मुलगा म्हणतो जुनी कापसाची टाकून दे. पण ती माझ्या लग्नात आईने करून दिलेली, ३४ वर्षांची. आई आता नाही. गोळे झालेत, मधे पातळ पडलीय. टाकवत नाही.

उत्तर : टाकू नका. कापूस मेलेला नसतो, दबलेला असतो. पिंजून घेतला की पुन्हा उभा राहतो. थोडी घट येते, धूळ आणि तुटके धागे निघून जातात. एकेरी गादीत बारा किलो कापूस असेल तर दहाच्या आसपास हाती लागेल असं धरा. त्याची पूर्ण जाडीची गादी पुन्हा करू नका. पाच-पाच किलोंच्या दोन पातळ करा. पाहुणे आले की जमिनीवर घालायला, आणि उद्या नातवंडाला दुपारी झोपवायला याहून चांगलं काही नाही. जुना कापूस नव्यापेक्षा अंगाला मऊ लागतो.

नवा गादीपाट आणलात की शिवण्याआधी पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून गादी वाकडी होते. पिंजाऱ्याला सांगा की टाके एका वितीवर एक पडू देत, त्याहून लांब नकोत, म्हणजे पुन्हा गोळे होणार नाहीत. आईच्या वेळचा गादीपाट उसवताना फाटेल, तरी त्याचा धड राहिलेला वीतभर तुकडा मागून घ्या आणि नव्या गादीच्या उलट्या बाजूला, उशाच्या कोपऱ्यात शिवायला सांगा. आमच्याकडे बायका तसं करून घेतात. आणि ही गादी मात्र उन्हात घाला. बार्शीचं मे महिन्यातलं ऊन तिला सलग दोन दिवस द्या, दुपारी बारानंतर बाजू पालटून.